उपज आणि मुद्रित पुस्तक : संगीतशिक्षणातील ग्रंथनिवडीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

भारतीय संगीत ही गुरुमुखी विद्या आहे, हे विधान संगीतविषयक बहुतेक लेखनात आढळते. ते खरे असले तरी अपुरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्याकडे संगीत शिकविणारी पुस्तके छापली जाऊ लागली आणि विसाव्या शतकात संगीत विद्यालयांतून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती गुरूच्या बरोबरीने क्रमिक पुस्तकही आले. पुस्तक आले तसा एक नवा प्रश्नही आला. बंदिश कागदावर उतरविता येते. पण गायक-वादक मैफलीत ऐनवेळी जे सुचवून घेतो, ते पुस्तकातून शिकता येते काय? आणि येत असेल, तर अनेक पुस्तकांतून योग्य पुस्तक निवडावे कसे?

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष एका साध्या प्रसंगामुळे वेधले गेले. चिखली तालुक्यातील एका खेड्यातून महाविद्यालयात येणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने गिटार विकत घेतली होती. मोबाईलवर जाझ संगीत ऐकून आपणही तसे वाजवावे, असे त्याला वाटू लागले. ते शिकविणारा शिक्षक जवळपास मिळेना, तेव्हा 'कोणते पुस्तक घेऊ?' असे विचारत तो ग्रंथालयात आला. त्याच्या यादीत नऊ पुस्तके होती आणि पैसे एकाच पुस्तकापुरते होते. इतिहासाच्या अध्यापकाला त्याचे उत्तर तत्काळ देता येणे कठीणच. परंतु प्रश्नाचा इतिहास मात्र शोधता येतो. हाच प्रश्न मुंबईत दोन वेगवेगळ्या संगीतसमाजांपुढे परस्परविरुद्ध दिशांनी उभा राहिला होता. त्या दोन्ही अनुभवांचा आढावा घेऊन ग्रंथनिवडीचे काही निकष हाती लागतात काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'उपज' या संज्ञेचा अर्थ

हिंदुस्थानी संगीतात ऐनवेळी सुचणाऱ्या विस्तारास 'उपज' असा नेमका शब्द आहे. उपज म्हणजे मनास येईल ते गाणे नव्हे. रागाचे चलन, वादी-संवादी, न्यासाचे स्वर आणि तालाचे आवर्तन या मर्यादा पाळून गायक नवी स्वरवाक्ये रचतो व समेवर येतो. जाझमध्येही हेच घडते. मात्र मर्यादा निराळ्या असतात. तेथे षड्जासारखा एक अचल आधार नसतो. एका वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचे गुच्छ, ज्यांना कॉर्ड म्हणतात, ते ठरावीक क्रमाने बदलत राहतात आणि प्रत्येक बदलाबरोबर विश्रांतीचा स्वरही बदलतो. बारा मापांच्या ब्लूजमध्ये हा क्रम पूर्ण झाला की, तालाच्या आवर्तनाप्रमाणे तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वादक या फिरत्या चौकटीत आपली सुरावट बांधतो. थोडक्यात, दोन्हीकडे चौकट आधी ठरलेली असते आणि वाक्य मात्र तत्क्षणी जन्मास येते. पुस्तकाला चौकट देणे सोपे जाते. वाक्य देणे अवघड जाते. ग्रंथनिवडीचा सारा प्रश्न या अंतरातून निर्माण होतो.

महाराष्ट्रातील क्रमिक पुस्तकांची परंपरा

१८७४ मध्ये पुणे गायन समाजाची स्थापना झाली. बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली व स्वतःची स्वरलिपी वापरून पाठ्यपुस्तके तयार केली. यामागे मुद्रणकला, शालेय शिक्षणाचा प्रसार आणि संगीताला सुशिक्षित घरात प्रतिष्ठा मिळवून देण्याची इच्छा ही तीन कारणे एकत्र आलेली दिसतात. वर्गात एका वेळी अनेक विद्यार्थी बसू लागले, की प्रत्येकास समोर बसवून तालीम देणे शक्य होत नाही. तेथे पुस्तक अपरिहार्य ठरते.

या प्रयत्नांना व्यापक रूप दिले ते दोन विष्णूंनी. कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ग्वाल्हेर परंपरेची तालीम घेऊन बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ मध्ये मुंबईतही विद्यालय सुरू झाले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वतःच्या स्वरलिपीत पुस्तकमाला प्रसिद्ध केल्या. मुंबईत वाळकेश्वर येथे १८६० मध्ये जन्मलेले पं. विष्णु नारायण भातखंडे हे व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर प्रवास करून जुने ग्रंथ तपासले आणि घराणेदार गायकांकडून बंदिशी मिळविल्या. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा त्यांचा गुरुशिष्य-संवादाच्या रूपातील मराठी ग्रंथ चार भागांत आहे, तर 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांची आहे. १९३६ मध्ये भातखंडे निवर्तले. मालिकेचे प्रकाशन त्यानंतर १९३७ मध्ये पूर्ण झाले.

दोन ग्रंथपद्धतींची तुलना

पलुस्कर व भातखंडे यांच्या स्वरलिपींतील भेदाची चर्चा विपुल झालेली आहे. पलुस्करांच्या लिपीत मात्रेच्या अंशांसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. त्यामुळे ती अधिक काटेकोर आणि शिकण्यास अधिक कठीण आहे. भातखंड्यांची लिपी सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी स्वराच्या वर वा खाली बिंदू, समेसाठी गुणाकाराचे चिन्ह आणि खालीसाठी शून्य एवढ्या सामग्रीवर विद्यार्थी वाचू लागतो. ही लिपी अधिक प्रचलित झाली, याचे एक कारण हा सोपेपणा होय.

परंतु उपजेच्या दृष्टीने लिपीपेक्षा महत्त्वाचा भेद निराळा आहे. पुस्तकाने विद्यार्थ्यासाठी किती लिहून ठेवावे, हा तो भेद होय. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या दुसऱ्या भागात यमन, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे दहा थाटांचे आश्रय राग येतात. तिसऱ्या भागात भूपाली, हमीर, केदार, बिहाग, मालकंस इत्यादी पंधरा राग येतात. रागाचे वर्णन, सरगम, लक्षणगीत, ख्याल, ध्रुपद व धमार अशी सामग्री तेथे असते आणि रागाचा स्वरविस्तारही दिलेला असतो. हा स्वरविस्तार तालाशिवाय, लहान लहान वाक्यांत लिहिलेला आहे. रागाने कोठून निघावे, कोठे थांबावे, कोणत्या स्वरावरून वळावे, एवढेच तो दाखवितो. बंदिशीचा सांगाडा आहे. पण तिच्यात भरावयाच्या ताना छापलेल्या नाहीत.

पलुस्करांचे शिष्य पं. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यांच्या 'राग विज्ञान' या सात भागांच्या ग्रंथात बंदिशीबरोबर आलाप आणि ताना तयार स्वरूपात मिळतात. वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाची अडचण ओळखून केलेली ही योजना आहे. सामान्य विद्यार्थ्याला पहिली तान स्वतः सुचत नाही. चार ताना घोटल्यावर पाचवी सुचण्याचा संभव असतो, ही त्यामागील भूमिका मानता येईल. ही भूमिका टाकाऊ नाही. घराण्याच्या तालमीतही शिष्य प्रथम गुरूच्या तानाच उचलतो.

तथापि दोन्ही पद्धतींचे धोकेही ध्यानात घेतले पाहिजेत. सांगाडा देणाऱ्या पुस्तकावर घराणेदार कलावंतांचा आक्षेप असा की, मींड, कण आणि आवाजाचा लगाव कागदावर उतरत नाही. त्यामुळे केवळ पुस्तकावरून गायलेली बंदिश निर्जीव वाटते. तयार ताना देणाऱ्या पुस्तकाचा धोका याच्या उलट आहे. तेथे विद्यार्थी समाधानी होतो. छापलेल्या आठ ताना पाठ झाल्या की राग आला, असे त्याला वाटते आणि परीक्षकासमोर त्या आठ ताना त्याच क्रमाने म्हणून तो उत्तीर्णही होतो. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने परीक्षापद्धतीद्वारे संगीत लहान गावांपर्यंत नेले, हे त्याचे मोठे कार्य आहे. परंतु परीक्षा म्हटली की पाठांतर आलेच आणि पाठ केलेली उपज ही उपज राहत नाही. दोष पुस्तकाचा नाही. पुस्तक जेथे थांबले तेथे विद्यार्थीही थांबला, हा खरा दोष आहे.

मुंबईतील जाझ आणि गोमंतकीय वादक

ज्या काळात हिंदुस्थानी संगीत श्रवणातून कागदाकडे चालले होते, त्याच काळात मुंबईतील दुसरा एक वादकवर्ग कागदाकडून श्रवणाकडे चालला होता. हा वर्ग गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा होता. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकविली जात. तेथील मेस्त म्हणजे संगीतशिक्षक अत्यंत शिस्तीने पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास लावीत. त्यामुळे उपजीविकेसाठी मुंबईस आलेला गोमंतकीय वादक समोर ठेवलेला कोणताही कागद वाचून वाजवू शकत असे. मूकपटगृहे, हॉटेले, लष्करी बँड आणि पुढे चित्रपटांचे वाद्यवृंद यांत त्याला मागणी राहिली, ती या वाचनकौशल्यामुळे.

१९३५ मध्ये लिऑन अॅबी या अमेरिकी कृष्णवर्णीय वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड हेही तेथे वाजवीत असत. या संगीतातील निम्मा भाग कागदावर नव्हताच. ज्यांचे सारे शिक्षण कागदावर झाले, त्या वादकांपुढे येथे नवे आव्हान उभे राहिले. त्यांनी ते कसे पेलले? पुस्तके वाचून नव्हे. कारण जाझमधील उपजेचे पद्धतशीर विवेचन करणारी पुस्तके त्या काळी फारशी नव्हतीच. त्यांनी ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि अमेरिकी वादकांच्या शेजारी बसून वाजविले. बार्देशातील हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६-१९६७) हे या पिढीतील नामांकित ट्रंपेटवादक. मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतातील पाश्चात्त्य ढंगामागे चिक चॉकलेट यांच्यासारख्या वादकांचा वाटा होता. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातील गाणी ज्यांना आठवतात, त्यांनी या श्रवणविद्येचे फळ नकळत चाखलेले आहे.

याच समाजातील अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. चित्रपटसृष्टीत संगीत-संयोजक म्हणून काम करीत असता त्यांनी रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा ध्यास घेतला आणि १९५८ मध्ये मुंबईत भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. गोमंतकीय घराण्यातील, मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा (१९३६-१९९६) लंडनला गेले आणि १९६९ मध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह त्यांनी 'हम दोनो' ही ध्वनिमुद्रिका केली. जाझ गिटार आणि भारतीय स्वरविचार यांची सांगड घालणारा मनुष्य आपल्याच किनाऱ्यावरील परंपरेतून आला, ही गोष्ट त्या विद्यार्थ्याला सांगण्याजोगी आहे.

जाझ गिटारची पुस्तके आणि त्यांचे प्रकार

जाझ गिटारच्या इतिहासातही आरंभीचे थोर वादक पुस्तकांतून घडलेले नाहीत. जँगो राइनहार्ट (१९१०-१९५३) यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. चार्ली ख्रिश्चन (१९१६-१९४२) यांनी विद्युत गिटारला एकल वादनाचे स्थान मिळवून दिले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून वेस माँटगोमेरी यांनी ते वादन जसेच्या तसे बसविले आणि त्यातून पुढे स्वतःची शैली घडविली. अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून बालवयातील भीमसेन जोशी १९३३ मध्ये गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाले, याची येथे आठवण होते. दोन्ही ठिकाणी पहिला गुरू तबकडी होती.

पुस्तके आली ती यानंतर आणि त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार बोटांच्या ठेवणीचा. मिकी बेकर यांचे १९५५ चे 'कम्प्लीट कोर्स इन जाझ गिटार' हे पुस्तक क्रमांक दिलेल्या कॉर्डच्या आकृत्यांपासून सुरू होते आणि विद्यार्थ्याचा हात लवकर चालू करते. दुसरा प्रकार वाचनाचा. विल्यम लेव्हिट यांची १९६६ पासूनची 'अ मॉडर्न मेथड फॉर गिटार' ही मालिका बर्कली येथील संगीतशिक्षणासाठी लिहिली गेली. गिटारवर वाचन अवघड का, हे येथे सांगितले पाहिजे. पियानोवर एका स्वराला एकच पट्टी असते. गिटारवर मात्र पहिल्या तारेचा मोकळा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. कागदावर चिन्ह एकच; जागा चार. म्हणून गिटारच्या पुस्तकात स्वराबरोबर जागेचाही विचार असावा लागतो.

तिसरा प्रकार तयार वाक्यांचा. थोर वादकांचे वादन ऐकून लिहून काढलेले संग्रह या प्रकारात येतात. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या वादनाचा १९७८ चा 'ऑम्निबुक' हा त्यांतील प्रसिद्ध संग्रह. आपल्याकडील तयार तानांच्या पुस्तकाचे गुण आणि दोष येथे जसेच्या तसे आढळतात. चौथा प्रकार चौकट देऊन जागा रिकामी ठेवणारा. जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या मालिकेत पुस्तकाबरोबर ध्वनिमुद्रिका असे आणि तिच्यात केवळ साथ वाजत असे. मुख्य वादन विद्यार्थ्याने करावयाचे. ठेका आणि लेहरा चालू ठेवून रियाज करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. भातखंड्यांचा तालरहित स्वरविस्तार आणि एबरसोल्ड यांची केवळ साथीची तबकडी यांचे रूप भिन्न आहे. परंतु विद्यार्थ्यासाठी जागा सोडण्याचे तत्त्व एकच आहे.

बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात

मिरज, पुणे, कोल्हापूर किंवा मुंबईप्रमाणे बुलडाणा जिल्हा ख्यालगायनाच्या घराण्यांचे केंद्र म्हणून ओळखला जात नाही. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला पुस्तकाचा आधार अधिक लागतो, हे उघड आहे. परंतु घराणे नाही म्हणून कान नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. शेगावच्या पालखीबरोबर चालणारी भजनी मंडळी, गावोगावचे हरिपाठ व कीर्तन आणि वऱ्हाडात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे रुजलेले खंजिरी भजन या सर्वांत मुख्य गायक एखादे चरण निरनिराळ्या तऱ्हेने फिरवून म्हणतो व टाळकरी ध्रुपद धरतात. चरण किती वेळा फिरवावे, आवाज कोठे चढवावा आणि केव्हा ध्रुपदावर यावे, हे तेथे कोणी लिहून दिलेले नसते. मंडळीत बसलेले पोर ते ऐकून उचलते. ही उपजच आहे.

प्रस्तुत लेखकाने त्या विद्यार्थ्यास विचारले असता, तो लहानपणापासून गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवीत असल्याचे त्याने सांगितले; मात्र 'ते काही शिक्षण नव्हे सर,' अशी पुस्तीही जोडली. आपल्या शिक्षणव्यवस्थेचे अपयश या वाक्यात दिसते. जे छापील नाही ते ज्ञान नाही, ही समजूत आपणच विद्यार्थ्यांत रुजविली आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांजवळ असा कान आहे. ग्रंथनिवड करताना हे भांडवल हिशेबात धरले पाहिजे. गोमंतकीय वादकांजवळ वाचन होते आणि त्यांना श्रवण कमवावे लागले. आपल्या विद्यार्थ्याजवळ श्रवण आहे, त्याला वाचन आणि चौकट हवी. एकच पुस्तक दोघांना सारखे उपयोगी पडणार नाही. म्हणून चांगले पुस्तक कोणते, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर असू शकत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) उपजेचे पुस्तक त्यात किती सामग्री आहे यावरून नव्हे, तर विद्यार्थ्यासाठी ते किती जागा सोडते यावरून पारखावे. प्रत्येक पाठानंतर 'आता तुम्ही रचा' असे ज्या पुस्तकाला म्हणता येते, ते अधिक उपयुक्त होय.

२) तयार ताना किंवा तयार वाक्ये देणारे पुस्तक वर्ज्य नाही, परंतु ते दुसऱ्या क्रमांकाचे पुस्तक असावे. वाक्य पाठ करणे ही सुरुवात आहे; ते मोडून दुसऱ्या स्वरापासून, दुसऱ्या मात्रेपासून म्हणता येणे हा खरा अभ्यास आहे.

३) जे पुस्तक ऐकावयास लावत नाही, ते उपज शिकवीत नाही. पाठाबरोबर कोणते गायन-वादन ऐकावे, हे सांगणारे पुस्तक निवडावे. पूर्वी तबकडी दुर्मीळ होती. आज मोबाईलमुळे ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली आहे.

४) पुस्तक वाद्याला अनुरूप असावे. गायकासाठी लिहिलेली तान किंवा सॅक्सोफोनचे वादन गिटारवर वाजविता येते. पण त्यासाठी पडद्यांवरील जागांचे मार्गदर्शन लागते.

५) निवड विद्यार्थ्याजवळ काय आहे हे पाहून करावी, जे नाही तेवढेच पुस्तकाने पुरवावे. तसेच एका वेळी एकच पुस्तक घेऊन ते पूर्ण करावे.

त्या विद्यार्थ्याच्या नऊ पुस्तकांच्या यादीतील पाच पुस्तके तयार वाक्यांचे संग्रह होती. ती तूर्त बाजूला ठेवून, कॉर्डची चौकट समजावणारे व साथीचे ध्वनिमुद्रण असलेले एक पुस्तक त्याने घ्यावे आणि गावच्या भजनातील माहीत असलेली एक चाल रोज गिटारच्या पडद्यांवर कानाने शोधावी, एवढेच त्याला सुचविता आले. दुसरी सूचना ऐकून तो प्रथम हसला. पुढल्या महिन्यात ग्रंथालयात भेटला तेव्हा चाल बसली असून ती तीन जागांवरून वाजविता येते, असे त्याने सांगितले. ती सूचना कोणत्याही पुस्तकातील नव्हती. पुस्तकांचा इतिहास वाचल्यामुळे मात्र ती सुचली.